बार्टलीचा धूर

शाळा मी नोव्हेंबरातच सोडली होती. मार्चमध्ये साथ आली म्हणून सरकारने सगळ्यांचीच बंद केली तेव्हा आई म्हणाली, "बघ सोर्चा, सगळा देश तुझ्या मागून आला." तेव्हा ती अजून हसायची.

आई खाली शहरातल्या वृद्धाश्रमात कामाला. तिथे दोन म्हाताऱ्या तापाने पडल्या, त्या दिवसापासून ती आमच्या परसातल्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये, त्या चाकांवरच्या खोलीत, राहायला गेली. मला काही होऊ नये म्हणून. मी जेवणाचं ताट पायरीवर ठेवायचे, मागे सरायचे, मग ती दार उघडायची. घरात मी एकटीच.

शुक्रवारी पाव आणायला डेलियाच्या दुकानात गेले. गावात दुकान तेवढं एकच. तिने दारातच टेबल आडवं लावलं होतं. पाव तिने झाडूच्या दांड्याने माझ्याकडे सरकवला.

"आईला सांग, इकडे फिरकू नकोस म्हणावं."

"ती कुठे आलीय? मी आलेय."

"एकच घर ना."

"मग दांडा चाटून बघ. लगेच कळेल."

"जीभ बघा कार्टीची," असं ती म्हणाली, पण मला नाही, मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला.

घरी पोचेपर्यंत गावाच्या ग्रुपवर आलं होतं. आश्रमातून रोग घेऊन येणारं घर कुठलं ते सगळ्यांना माहीत आहे, ज्याने त्याने काळजी घ्यावी. नाव नव्हतं. खाली एक्केचाळीस जणांनी अंगठे दिले होते. गावात माणसं साठ.

माझं डोकं फिरलं. मला फक्त त्यांची तोंडं दुसरीकडे वळवायची होती. उभ्या उभ्या लिहिलं, आमच्या घराचं सोडा, बार्टली इंग्लंडला घोड्यांच्या शर्यती बघून आलाय आणि तेव्हापासून खोकतोय, त्याचं बघा.

बार्टली कुठेही गेला नव्हता. शर्यती तो रेडिओवर ऐकतो. आणि खोकला त्याला पाइपचा, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. वय ऐंशी, एकटा, आमच्या समोरच्या चढावर घर. त्याच्याकडे मोबाइल नाही, म्हणजे त्याला कळणार नाही, म्हणून त्याचं नाव घेतलं. एवढाच विचार केला होता मी.

रविवारपर्यंत डेलियाच्या बहिणीच्या जावेला दवाखान्यातल्या कोणीतरी सांगितलं होतं की बार्टलीची तपासणी झाली, रोग निघाला, डॉक्टर लपवतायत. सोमवारी कोणीतरी टाकलं की त्याच्या चुलीच्या धुरातून तो पसरतो, वारा समुद्राकडून असेल तर खिडक्या लावून घ्या. माझ्या लिहिण्यातलं एक अक्षर उरलं नव्हतं. नाव तेवढं उरलं होतं.

मंगळवारी सकाळी बार्टलीच्या धुराड्यातून धूर आला नाही.

आमच्याकडे म्हातारी माणसं एकटी राहतात ती धुराच्या भरवशावर. दहाच्या आत धूर दिसला की माणूस उठलंय. नाही दिसला, तर ज्याला दिसला नाही त्याने जाऊन दार वाजवायचं. हे कोणी शिकवत नाही. आणि बार्टलीची चूल तर त्याच्या आजोबांपासून विझलेली नाही. रात्री निखारे राखेत झाकायचे, सकाळी फुंकर घालून उघडायचे. आम्ही या घरात आलो तेव्हा आई काडी ओढणार होती, तर हा बादलीत जळतं ढेकूळ घेऊन दारात. आमच्याकडचं जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, तिचं ढेकूळ. म्हणाला, "नव्या घरात उसना विस्तव चालतो, नवा नाही." तो विस्तव आजही आमच्या चुलीत आहे.

दहा वाजले. साडेदहा. मी खिडकीत उभी. डेलियाच्या माडीवरचा पडदा हलला. खालच्या वळणावर पोस्टमन मायली आपल्या फाटकात उभा होता, मान वर करून. सगळे त्याच धुराड्याकडे बघत होते. कोणाचा पाय हलत नव्हता.

अकराला मी निघाले. कॅराव्हॅनच्या काचेतून आई म्हणाली, "तोंडाला बांध. आणि आत जाऊ नकोस." कुठे, ते तिने विचारलं नाही. ती पण बघत होती.

चढ चढताना मी देवाला सांगत होते की तो जिवंत असू दे, मग मी सगळं कबूल करते. दार वाजवलं. काही नाही. खिडकीच्या काचेवर टेकून पाहिलं तर बार्टली चुलीसमोर खुर्चीत, अंगात कोट, डोक्यावर टोपी. आणि चूल काळी. राखेवर पाणी ओतलेलं दिसत होतं.

"बार्टली."

तो वळला. हात वर करून मला थांबवलं. "तिथेच थांब, पोरी. मला ते झालंय."

"काय झालंय?"

"तेच, रेडिओवर सांगतात ते. डेलियाचा नवरा सामान फाटकाबाहेर टाकून गेला ना काल. गाडीतूनच म्हणाला, चूल बंद ठेव बार्टली, धुरातून जातंय, पोराबाळांचा विचार कर." त्याने चुलीकडे पाहिलं. "गावाला माझ्या आधी कळलं. डॉक्टरने मला का नाही सांगितलं कोण जाणे. घाबरेन म्हणून असेल."

"ताप आहे का?"

"थंडी वाजतेय."

"चूल विझवली तर वाजणारच. बार्टली, ऐका. तुम्हाला काहीही झालेलं नाही. ते मी पसरवलंय. खोटं होतं. लोक आईला बोलत होते म्हणून मी तुमचं नाव घेतलं."

मला वाटलं आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या आईचं आलंय तुझ्यात," तो म्हणाला. "ती पण मरणाऱ्यांशी अशीच बोलत असणार. काही झालं नाही, काही झालं नाही. चांगली पोर आहेस."

"अहो मी चांगली नाहीये. तेच तर सांगतेय."

"जा घरी. काचेवर श्वास पडतोय तुझा, पुसून जा."

मी पुसली नाही. घरी आले आणि तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं. बार्टलीचं मी खोटं सांगितलं. तो कुठे गेला नव्हता. त्याला काही नाही. माझी चूक. डेलियाने लगेच लिहिलं, आईने दटावून लिहायला लावलेलं दिसतंय. मायलीने लिहिलं, आग असल्याशिवाय धूर निघतो का. त्यालाच हसायच्या सोळा खुणा.

मग मी आमच्या चुलीतलं सगळ्यात मोठं ढेकूळ चिमट्याने उचललं, बादलीत टाकलं, परत वर गेले. बादली त्याच्या पायरीवर ठेवली.

"बार्टली, हा विस्तव तुमचाच आहे. तुम्ही आम्हाला दिलेला. परत आणलाय."

मी फाटकापर्यंत मागे आले, आईच्या ताटाच्या वेळी सरते तशी. पायरीवर बादलीतून धुराची दोरी सरळ वर जात होती. किती वेळ गेला माहीत नाही. दार वीतभर उघडलं, हात आला, बादली आत गेली.

घरी पोचले तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता. मी खिडकी सताड उघडून बघत बसले. पहिली डेलियाच्या माडीची खिडकी बंद झाली. मग मायलीची खिडकी. मग चढावरची एकेक, खालून वर. फोन टेबलावर थरथरत होता, मी पाहिला नाही. वारा समुद्राकडूनच होता. धूर आमच्या घरात आला, आमच्याच चुलीच्या वासाचा.

परसात आई खोकली. एकदाच. मग थांबून परत.

काही कळायच्या आत माझ्या हाताने खिडकी लावली होती. कडीसुद्धा घातली होती.

चढावरच्या बार्टलीच्या घरातून आमची खिडकी समोर दिसते. बार्टली काचेपाशी उभा होता, टोपी घालून. त्याने मान हलवली, जणू म्हणत होता, बरोबर केलंस पोरी. आणि आत वळला.

मी कडी काढली. खिडकी उघडली, दुसरीही उघडली, दार उघडलं. तोवर त्याच्या धुराड्यावरचा धूर बारीक होत चालला होता, पाणी पडल्यावर होतो तसा पांढरा.

बादली त्याच्याकडेच राहिली होती. विस्तव परत न्यायला मी घमेलं शोधायला लागले.