पहिली टोपली

भिवरातळ्याचा पाणकर म्हणजे नानाजी. तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आधी सोडायचं आणि कोणाच्या नंतर, हे ठरवणारा माणूस. बापही पाणकर, आजाही पाणकर. चांदा जिल्ह्यातल्या त्या धानाच्या मुलखात माणूस एखादे दिवशी देवाला हात जोडायचा विसरेल, पण पाणकराला रामराम करायला विसरणार नाही. नानाजीचा मान मात्र नुसता पाण्याचा नव्हता. त्यानं गावातलं बकरं बंद केलं होतं.

त्याचं असं झालं. हे तळं बांधलं त्या काळी, कोण जाणे किती पिढ्या झाल्या, पाळ, म्हणजे तळ्याचा मातीचा बांध, काही केल्या टिकेना. दर पावसाळ्यात फुटायची. मग म्हणे कोणाला तरी स्वप्न पडलं, आणि गावानं एका घरची धाकटी सून, भिवरा, तुडमाच्या खड्ड्यात दिवा लावायला म्हणून धाडली. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं पाणी सोडायचं तोंड. पोर वाकून दिवा लावत होती, तेवढ्यात वरून माती पडली. पाळ टिकली. तेव्हापासून दर वैशाखात तुडमापाशी भिवरेला हिरव्या बांगड्या, एक बकरं, आणि घरागणिक एकेक टोपली माती. माती पाळीवर टाकायची, सगळ्यांनी पायांनी तुडवायची, आणि मग मटणाचं जेवण.

पोरवयात नानाजी बापाला विचारायचा, "बाबा, पह्यली टोपली कोनं टाकली असन गा?"

"सगळ्यायनं मिळून टाकली," बाप म्हणायचा, आणि चिलीम भरायला घ्यायचा.

हे उत्तर त्याला कधी पटलं नाही. सगळे मिळून कधी काही सुरू करतात काय? पहिली टोपली एकाचीच असते. तो कोण असेल, त्या दिवशी घरी जाऊन तो जेवला कसा असेल, बायकोशी काय बोलला असेल, या विचारानं त्या पोराला झोप यायची नाही.

मोठेपणी तो हे चारचौघांत बोलायला लागला. मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं, गावात शाळा आली, त्या वर्षी त्यानं पाळीवर उभं राहून सगळ्यांना सुनावलं, "आपले पूर्वज कसाई व्हते. आपन मानसं आहो. आता इथी रक्त सांडनार नाई." लटारू पाटलानं नाक मुरडलं. तळ्याखाली सगळ्यात जास्त जमीन त्याची. पण शाळेच्या मास्तरानं वाहवा केली, तेव्हा पाटीलही मान हलवून मोकळा झाला. बकरं बंद झालं. टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, गोंड माणसांना नानाजी आपल्या ओसरीवर पंगतीत बसवायला लागला. त्याचा जीव खरंच सुखावला होता, आणि का सुखावू नये?

पण बकऱ्यासंगं जेवण गेलं, आणि जेवणासंगं टोपल्याही गेल्या. वैशाखाच्या उन्हात फुकट माती तुडवायला कोण येतो? तळं सरकारचं, सरकार पाहील, असं म्हणून लोक सावलीत बसले. नानाजीच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण कौतुक ताजं होतं, आणि आपल्याच लग्नात रडगाणं कोण गातो! इकडे खेकड्यांनी मात्र आपलं काम बंद केलं नाही. पाळ आतून पोखरत गेली.

चौथ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या तोंडावर, झड लागली. धान गर्भात यायला टेकलेलं, आणि एका सकाळी तुडमाच्या बाजूनं पाळीतून पाणी झिरपायला लागलं. निवळ पाणी झिरपलं तर चालतं. हे गढूळ होतं. म्हणजे आतली माती वाहत होती.

सारं गाव टोपल्या घेऊन धावलं. पाळीच्या अंगाला माणूस जेमतेम शिरेल एवढं भगदाड पडलं होतं. त्यात शिरून आतून तणसाचे पेंढे ठासायचे, मग वरून माती. शिरायचा मान पाणकराचा. नानाजीनं भगदाडात डोकावून पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं. टोल्यावरून पोचू आला होता, बायको सोमारीला घेऊन. पोचूची या तळ्याखाली एक बांधीही नव्हती. नानाजीचा निरोप गेला म्हणून तो आला होता.

"पोचू, तू बारीक आहेस. तू शीर गा," नानाजी म्हणाला. "दोर मी धरतो."

"तुमी धरता न जी, मंग काय भेव," पोचू म्हणाला, आणि दोर कमरेला बांधून आत शिरला. सोमारी आणखी तणस आणायला गावात गेली.

दोन पेंढे आत गेले असतील नसतील, वरची माती बसली. धप्प झालं आणि भगदाडाचं तोंड बुजलं. पाणी थांबलं. अगदी थांबलं नाही, पण बारीक झालं. सगळे पाहत राहिले.

"खोदा," कोणीतरी म्हणालं.

"खोदाल तं पाळ जाईन," लटारू पाटील म्हणाला. "साऱ्याईचं धान जाईन."

"टोल्यातबी पानी शिरन," आणखी एक जण म्हणाला. टोला उंचावर होता. तिथं आजवर कधी पाणी शिरलं नव्हतं, आणि हे बोलणाऱ्यालाही ठाऊक होतं.

मग पाटलानं विचारलं, "दोर हालून राह्यला काय, नानाजी?"

दोर हालत होता. एक हिसका, मग थांबून दोन. घाबऱ्याघुबऱ्या माणसाचे ते हिसके नव्हते. वर आपला माणूस आहे याची खात्री असलेला माणूस हाक मारतो, तसे होते. नानाजीनं समोर पाहिलं. हिरवंगार धान पसरलेलं, आणि तुडमाखालची पहिली बांधी त्याची स्वतःची.

"नाई," तो म्हणाला. "ढिला पडला. गेला तो."

तरी कोणाचा हात उठेना. टोपल्या भरलेल्या, आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही. पाणी परत गढूळ व्हायला लागलं. नानाजीनं दोर पायाखाली दाबला, शेजारच्याच्या हातातली टोपली घेतली आणि ओतली. मग कोणाला सांगावं लागलं नाही. मातीवर माती पडत गेली. पायाखाली दोर अजून ओढ घेत होता. मग दोरावरही माती आली.

सोमारी डोक्यावर तणसाचा भारा घेऊन परत आली तेव्हा सगळे माती तुडवत होते. कोणीतरी तिला सांगितलं, पाळीनं घेतला तुझ्या माणसाला. ती भाऱ्यासकट खाली बसली.

त्या साली धान असं पिकलं की कोठ्या पुरल्या नाहीत. आणि वैशाखात, कोणी दवंडी पिटली नाही तरी, घरागणिक एकेक माणूस टोपली घेऊन पाळीवर आला. बायकांनी भिवरेला बांगड्या वाहिल्या, आणि शेजारी पोचूच्या नावानं नारळ आणि विडी ठेवली. पोचू गावासाठी आपणहून आत शिरला, अशी गोष्ट एव्हाना पोरंही सांगत होती. लटारू पाटलानं बकरं आणलं होतं. नानाजीनं आडवं जायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

तेवढ्यात टोल्यावरून सोमारी आली. तिच्याजवळ टोपली नव्हती. ती सरळ नानाजीपुढं येऊन उभी राहिली.

"येक इच्यारतो जी," ती म्हणाली. "पह्यली टोपली कोनं टाकली?"

माती तुडवणारे पाय थांबले. पाटील बकऱ्याची दोरी सोडवायच्या खटपटीत गुंतला. कोणी नानाजीकडे पाहत नव्हतं, पण सगळ्यांचे कान त्याच्याकडे लागले होते.

"सगळ्यायनं मिळून टाकली, बाई," नानाजी म्हणाला, आणि आपली टोपली भरायला घेतली.