फिकट निगेटिव्हमधली चंपाबाई

मित्रांनो, मी एक जुनी, फार फिकट निगेटिव्ह आहे. साठेक वर्षांपूर्वी पाचोडच्या आठवडी बाजारात, दिवस मावळताना, एका फिरत्या फोटोग्राफरने माझ्यावर चंपाबाईचा फोटो घेतला. उजेड कमी होता, त्यामुळे तिचा चेहरा जेमतेम उमटला. पुढच्याच वर्षी ती वारली. तिची मुलगी सुलेखा तेव्हा दोन वर्षांची होती. चंपाबाईचा दुसरा फोटो नाही.

सुलेखाताई मोठ्या झाल्या, चितेगावच्या कारखान्यात राबल्या. मी त्यांच्या पेटीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला एका स्टुडिओत दिले. तिथून गोऱ्या, गुळगुळीत चेहऱ्याचा फोटो आला.

"चेहरा दिसतच नव्हता. संगणकाने बनवला," स्टुडिओवाला म्हणाला.

"मग ही माझी माय नाय," म्हणून ताईंनी तो तिथंच ठेवला. त्या दिवसापासून आम्ही दोघी कुणावरच विश्वास ठेवीनाशा झालो.

शहरातल्या गुलमंडीत अभय नावाचा माणूस अजून हाताने फोटो धुतो. ताई मला घेऊन त्याच्याकडे गेल्या, पण मला सोडून जायला तयार होईनात.

"मी नवीन काही काढणार नाही, ताई. आहे तेच गडद करणार," तो म्हणाला. "हे काम उजेडात होतं. बसा समोर."

त्याने मला पिवळ्या द्रावणात बुडवले. चंपाबाई माझ्यावरून विरू लागली. हाच तो घात, मला वाटले. ताईंनी त्याचे मनगट धरले.

"पुसली ना माझी माय?"

"पुसली नाही. थोडं थांबा."

त्याने मला पाण्यात धुतले आणि दुसऱ्या भांड्यात सोडले. सडक्या अंड्यांसारखा वास आला. ताई नाकाला पदर लावून बघत राहिल्या. हळूहळू चंपाबाई परतली, तपकिरी आणि पहिल्यापेक्षा ठळक.

मी सुकल्यावर अभयने कागदावर फोटो काढला. त्यात चंपाबाई ओठ घट्ट मिटून, एक डोळा बारीक करून फोटोग्राफरकडे बघत होती. त्याच्यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

ताईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग डोळे पुसत हसल्या. "मायबी माझ्यासारखीच व्हती की."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी फिकट निगेटिव्ह सापडली, तर फेकण्याआधी उजेडात धरा. कडांना धरा, मध्ये बोट लावू नका. आणि कुणाच्या हाती दिलीत, तर समोर बसून राहा.