अजून कळ्याच आहेत

"मारलेल्या मादीच्या पोटात पाडस होतं," दारातच बूट काढत पाउलुसी म्हणाला. "आज-उद्या व्यालीच असती ती."

उलुतीच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. नवऱ्याने बंदूक भिंतीला टेकवली, पण व्हायचं ते झालं होतं. कोपऱ्यातल्या पलंगावरून त्याच्या आईने, आगलक म्हातारीने, ते ऐकलं होतं. तिचे डोळे गेले होते, कान शाबूत होते.

गावाची रीत जुनी. डोंगरउतारावर दगडांना बिलगलेल्या जांभळ्या फुलांच्या गाद्या उमलल्या, की पलीकडच्या दरीत कॅरिबू हरणं व्यायला लागतात. मग पाडसं पायावर उभी राहीपर्यंत तिकडे बंदूक न्यायची नाही. फुलं उमलली हे गावच्या रेडिओला फोन करून सांगायचा मान आगलकचा. नजर गेल्यापासून ती सुनेला वर पाठवी आणि सुनेच्या शब्दावर निरोप देई.

या खेपेला सून वर गेलीच नव्हती. गुडघे दुखत होते, वारा बोचत होता आणि शेजारणीकडे बिंगोचा डाव रंगला होता. उलुती तिथेच बसली. परत येऊन तिने सांगून टाकलं, "अजून कळ्याच आहेत." एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय जातंय, असं तिला वाटलं होतं. तेच म्हातारीने रेडिओला कळवलं आणि लोक बंदुका घेऊन दरीत गेले.

दुपारी दुकानात लोकांच्या तोंडी तोच विषय होता. शेजारीण तिच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हातारीला नको विचारायला. भिंतीवरचं कॅलेंडर बरं." सगळे हसले. उलुतीला ते हसू चपराकीसारखं लागलं. तिने काही न घेताच दुकान सोडलं आणि तडक उतार चढली.

वर सगळीकडे जांभळं होतं. काही फुलं तर सुकायलाही लागली होती. तिने दगडावरची एक लहानशी गादी उपटली. असं कधी कुणी उपटत नाही. दोनचार पाकळ्या खुडून तोंडात टाकायच्या आणि पुढे जायचं. पण तिला पुरावा न्यायचा होता, स्वतःविरुद्धचा.

घरी आल्यावर तिने ती फुलांची गादी म्हातारीच्या ओंजळीत ठेवली. म्हातारीने बोटं फिरवली. पाकळ्या नुसत्या स्पर्शाने गळून पांघरुणावर पडल्या.

"ही आज उमललेली नव्हेत," आगलक म्हणाली.

"आई, मी त्या दिवशी..."

"राहू दे. फोन लाव."

उलुतीला वाटलं, आता सगळ्या गावाला कळणार. कळू दे. तिने नंबर लावून फोन दिला.

"मी आगलक," म्हातारी बोलू लागली. "फुलांचं मी चुकीचं सांगितलं. त्या मादीचं पाप माझ्या माथी. आता माझ्याच्याने होत नाही. यापुढे फुलं माझी सून बघेल आणि तीच सांगेल. तिचं ऐका."

म्हातारीने शिव्या दिल्या असत्या तर उलुतीने खाली मान घालून ऐकल्या असत्या. हे कसं ऐकायचं?

म्हातारीने फोन तिच्यापुढे धरला.

"सांग, पोरी. लोक वाट बघतायत."

"फुललीत," उलुती म्हणाली. म्हातारी पांघरुणावर चाचपडत एकेक पाकळी वेचत होती.