उस्तादांचं सिनेकोडं

“बाबा, आयुष्यात एकच गाणं म्हटलं आणि सिनेमावाल्यांना कायमचा रामराम ठोकला, ती गायिका कोण? चार अक्षरं. आणि पेपरात डोकावायचं नाही हं!”

भोंगा दुकानाच्या पायरीवर उभी राहून एका दमात बोलली. तिचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाई, म्हणून घरीदारी तिला भोंगाच म्हणत. मागच्या महिन्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आला, तेव्हापासून तर तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. मागे रस्त्यावर चष्मिष आणि लंबू या तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. प्रश्न चष्मिषच्या आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या सिने-मासिकातला. “तुझ्या बाबांना सगळं येतं ना? मग विचार की चारचौघांत! घाबरलीस?” असं लंबू म्हणाली होती. भोंगाला ‘घाबरलीस’ म्हणणं म्हणजे रॉकेलवर काडी टाकणं.

दुकान रेडिओ दुरुस्तीचं. शनिवारची संध्याकाळ असल्यानं बाकावर जागा नव्हती. निवृत्त मास्तर होते, टपालवाला होता, शेजारचा शिंपी काम टाकून आला होता. या सगळ्यांसाठी बाबा म्हणजे ‘उस्ताद’. रविवारच्या पुरवणीत जुन्या सिनेमांचं आणि गाण्यांचं शब्दकोडं यायचं. मास्तर आपला पेपर घेऊन येत, बाबा काउंटरवर उभ्या उभ्या, शाईच्या पेनानं, एकही खाडाखोड न करता ते भरत आणि बघणारे तोंडात बोटं घालत.

खरी गोष्ट घरातली होती. रविवारी सहाला घरचा पेपर यायचा. आई ओट्याशी काम करत असायची, बाबा स्टुलावर बसून एकेक प्रश्न वाचायचे. आई वळूनही न बघता उत्तर द्यायची. कधी नुसती चाल गुणगुणायची, मग गायकाचं नाव, मग संगीतकाराचं. बाबा सगळं पाठ करून दुकानात जायचे. घरच्या पेपरातलं कोडं कोरंच राहायचं आणि आठवड्यानंतर फळीवर डब्यांखाली अंथरलं जायचं. बाबांना रेडिओच्या आतलं सगळं कळायचं. बाहेर येणारं काहीच नाही.

आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. पंधरा वर्षं वाफ, चादरी आणि खिडकीतला रेडिओ. गाणी तिच्या अंगात मुरली होती. पण माणूसच ती. चार वर्षांपूर्वी एका संगीतकाराचं नाव चुकलं. दुपारी बाबा घरी आले आणि अशी थप्पड मारली की आईचा डावा कान कायमचा गेला. तिनं दवाखान्यात सांगितलं, “धुलाईघराच्या पायऱ्यांवरून पडले.” तेव्हापासून ती रेडिओ उजव्या बाजूला ठेवायची.

भोंगाला हे सगळं ठाऊक होतं. मग तिनं विचारलं का? तर गेले सात-आठ महिने घरात हात उगारला गेला नव्हता. ते दिवस संपले, असं तिनं आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं. आणि तिला वाटलं होतं, बाबा डोकं खाजवतील आणि म्हणतील, ‘थांबा, घरी विचारून सांगतो.’ बस, एवढंच हवं होतं. एकदा तरी आईचं नाव त्या दुकानात निघावं.

“सोप्पंय की!” बाबा हसत म्हणाले आणि एक नाव ठोकून दिलं.

चष्मिषनं मासिकाचं शेवटचं पान उलटलं. “चूक! काका, चूक!”

“छापणाऱ्याची चूक असेल.”

“उस्ताद,” मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “तुम्ही सांगितलेल्या बाईंनी शंभरेक गाणी म्हटलीत हो! आज सुई अडकली वाटतं.”

“रेडिओचं स्टेशन सरकलंय!” शिंप्यानं टाळी दिली.

दुकान हसलं. बाबा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. भोंगासुद्धा हसली, पण तिची नजर खाली गेली आणि हसू तिथंच गोठलं. बाबांच्या मुठीत स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक त्यांनी स्वतःच्या तळव्यात इतकं रुतवलं होतं की मनगटावरून रक्ताचा ओघळ उतरत होता.

“चला, आज लवकर बंद,” ते म्हणाले आणि शटर धाडकन खाली आलं.

भोंगा पळाली, पण बाबा सायकलवर होते. ती दारात पोचली तेव्हा आई नुकतीच कामावरून येऊन खुर्चीत पाय सोडून बसली होती. डब्यांच्या फळीवर रेडिओ लागला होता.

“पोरीला पढवून पाठवतेस?” बाबांनी खिशातून जाड वायरीचा गुंडाळा काढला.

“कशाला पढवू? झालं तरी काय?”

“चारचौघांत अब्रू काढतेस माझी!”

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. वायर सपकन वाजायची आणि कातडीवर लाल रेघ उठायची. आई खुर्चीवरून खाली आली. तिनं तोंड झाकलं नाही, डोळे झाकले नाहीत. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून तिनं उजवा कान दाबून धरला होता. पाठ, हात, गाल, सगळं तिनं मारायला सोडून दिलं होतं. तेवढा एक कान ती राखत होती.

“बाबा, मी विचारलं! आईला माहीतसुद्धा नाही! मला मारा!”

“तू गप! तुला नंतर बघतो.”

भोंगा मधे घुसली. वायर तिच्या कपाळावर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिनं बाबांचं मनगट पकडलं आणि चावली. दात कातडीतून आत गेल्याचं तिला कळलं, तोंडात खारट चव आली, तरी तिनं सोडलं नाही. बाबांनी झटकून तिला भिंतीवर आपटलं. मग त्यांनी फळीवरचा रेडिओ उचलला. गावभरचे मेलेले रेडिओ जिवंत करणाऱ्या माणसानं तो चालू रेडिओ डोक्यावर नेऊन जमिनीवर आपटला. गाणं कडव्याच्या मधेच तुटलं.

आईचे हात आपोआप रेडिओकडे गेले. कान उघडा पडला. तेवढ्यात बाबांची थप्पड बसली.

आई नुसती बसून राहिली, कुणी तरी लांबून हाक मारतंय असा चेहरा करून. उजव्या कानातून रक्ताचा धागा मानेवर आला.

“आई! आई गं!” भोंगा अगदी तिच्या तोंडाशी जाऊन ओरडली. तीन गल्ल्या ओलांडणारा तो आवाज. आई तिच्या ओठांकडे बघत होती.

सकाळी सहाला पेपर आला. बाबांनी मनगटाला चिंधी बांधली होती. असल्या रात्रीनंतर ते नेहमी मऊ बोलायचे. “चहा छान झालाय हं,” ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. “हां. आडवा एक. स्वतःच्याच लग्नातून पळून जाणारी नायिका साकारणारी नटी. पाच अक्षरं.”

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. कानात कापूस होता.

“अगं, आडवा एक.”

“तिला ऐकू येत नाही,” भोंगा म्हणाली. तिच्या कपाळावर रक्ताची खपली धरली होती.

“नाटकं. संध्याकाळपर्यंत उतरेल सूज. अगं ए!” त्यांनी हात धरून आईला वळवलं. आईची नजर पेपरवर गेली. तिनं पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. मग नवऱ्याच्या खिशातलं शाईचं पेन काढून घेतलं.

इतक्या वर्षांत तिनं कोड्याला पेन लावलं नव्हतं. घरी आलेल्या कुणाला बायकी अक्षर दिसेल, म्हणून बाबा लावू देत नसत. आता ओट्यावर पेपर पसरून ती भरत गेली. आडवे संपले, उभे संपले. कुठं थांबली नाही, कुठं गुणगुणली नाही. फक्त एका जागी तिचा पाय जमिनीवर ताल देत राहिला आणि मग तोही थांबला.

“हे काय केलंस? माझं अक्षर ओळखतात लोक! हे कुणी पाहिलं तर...” बाबा पेपर ओढायला उठले.

भोंगानं आधी उचलला. प्रश्न तिनं विचारला होता, तोही पैजेपायी. ते काही पुसलं जाणार नव्हतं, पण त्याच्यासकट उभं राहता येत होतं. तिनं आईच्या हातातलं पेन घेतलं, कोड्याखालच्या कोऱ्या जागेत चार ओळी लिहिल्या आणि कागद आईसमोर धरला. आईनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग ओल्या हातांनी केस सारखे केले आणि चपला शोधू लागली.

बाबांनी स्टूल दाराशी ओढलं. “कुठं निघालात?”

भोंगा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. या खेपेला ती ओरडली नाही.

“बाबा, आईला वाचायला दिलं तेच तुम्हाला सांगते. मी आईला तिच्याच दवाखान्यात नेतेय. कसं झालं असं डॉक्टरांनी विचारलं की पायरीवरून पडली, असं कुणी म्हणणार नाही. मी सांगणार. तिथून पोलीस चौकीत जाणार, तिथंही मीच सांगणार. मग आम्ही मामाकडे राहू. हा पेपर मी वाटेत मास्तरांकडे देणार आहे. उत्तरं कुणाची, ते त्यांना अक्षरावरून कळेल. स्टूल बाजूला घ्या.”