सायकलच्या तारेची सुई

मित्रांनो, क्रोशाच्या सुया कारखान्यात जन्मतात. मी मात्र अड्याळच्या परसरामच्या सायकलीत, मागच्या चाकाची तार होते. बायकोला क्रोशा शिकायचा होता आणि बाजारात सुई मिळाली नाही, म्हणून त्यानं मला उपटलं, टोक घासून वाकवलं आणि वच्छलाच्या हाती दिलं. तेव्हापासून ते चाक जरा डगमगतं. परसराम त्यावरच कामाला जायचा.

वच्छलानं माझ्याकडून टीव्हीचं झाकण विणून घेतलं, मग मिक्सरचं, मग माठाचं. परसराम गेला त्या वर्षी ती फारशी रडली नाही; रिकाम्या डब्यांनाही झाकणं विणत बसली. घरात उघडं काही उरलं नाही, तेव्हा शेजाऱ्यांची पाळी आली. कौतुक सगळे करायचे. किंमत विचारली की ती म्हणायची, "राहू द्या, घेऊन जा." लोक राहू देत आणि घेऊन जात.

शिवणकाम करणारी साधना एका शनिवारी तिला समाजमंदिरात घेऊन गेली. तिथं हौसेनं काहीबाही करणाऱ्या आठ बायका जमत. एकमेकींना टाके शिकवत, मोबाइलवर फोटो टाकत, मागणी आली की वाटून घेत. नियम एकच: 'राहू द्या' म्हणेल तिनं सगळ्यांचा चहा करायचा. वच्छलानं सलग चार शनिवार चहा केला. पाचव्या शनिवारी तिनं भिंतीकडं बघत एका तोरणाची किंमत सांगितली. गिऱ्हाइकानं दिली. वच्छला भिंतीकडंच बघत राहिली.

मग भंडाऱ्याच्या एका लग्नघरातून पलंगपोसाची मागणी आली. वच्छला धरून नऊ जणींनी चौकोन विणायचे आणि शेवटी जोडायचे. जोडायला बसल्या, तर वच्छलाचे सहा चौकोन बोटभर लहान. मी बारीक, म्हणून माझे टाके घट्ट.

"वच्छला, तुये चौकोन तं उपाशी दिसतेत वो," त्यांच्यातली रंभाबाई म्हणाली.

लग्न आठ दिवसांवर होतं. साधनानं नवी, नंबरवाली सुई पुढं केली. "सुई बदलावी लागन, बाई. नाही तं जोडच बसत नाही."

"हे सुई आमच्या यायनं बनवली होती," वच्छला म्हणाली. एवढंच. पण तिची मूठ माझ्याभोवती आवळली. मूठ उघडली नसती, तर ती उठून घरी गेली असती आणि पुन्हा डबे झाकत बसली असती.

"म्हणूनच तं म्हणते, त्या सुईले धंद्याले जुंपू नका. घरी राहू द्या," साधना म्हणाली.

"साधना, चहा मांड," रंभाबाई म्हणाली.

सगळ्या हसल्या. वच्छला हसली नाही, पण तिनं मूठ उघडली.

सहा चौकोन तिनं नव्या सुईनं पुन्हा विणले आणि पलंगपोस जोडून झाला. मी घरी बिस्किटाच्या डब्यात. मला वाईट वाटलं का? तारेला काय वाटायचं. पाचव्या दिवशी तिनं मला काढलं, ते सहा उपाशी चौकोन माझ्याच टोकानं जोडले आणि परसरामच्या सायकलीच्या सीटवर चढवले. दुसऱ्या दिवशी त्याच सायकलीवर पलंगपोस लादून ती समाजमंदिरात गेली.

लग्नघरची बाई पलंगपोस बघून खूश झाली. मग तिची नजर दाराशी उभ्या सायकलीच्या सीटवर गेली. "हे मस्त आहे. याचं काय घ्याल?"

रंभाबाईनं चहाच्या पातेल्याकडं बघितलं.

"हे विकाचं नाही," वच्छला म्हणाली. या वेळी ती भिंतीकडं बघत नव्हती.

त्या दिवशी चहा कुणी करायचा, याला नियमात उत्तर नव्हतं. शेवटी सगळ्यांनी मिळून केला.

मित्रांनो, हौसेचा धंदा करायचा तर किंमत सांगायला शिकवणाऱ्या मैत्रिणी आधी जोडा. नाही म्हणायलाही त्याच शिकवतात. आणि माझ्यासारखी एखादी सुई डब्यात असेल, तर महिन्यातून एकदा तिला खोबरेल तेलाचं बोट लावा. मनाचं ठाऊक नाही, पण तार गंजते.