दोर अक्काच्या हातात

नऊ वाजून गेले तरी मगन झाडावर चढेना. कमरेला पट्टा बांधून, पिवळं हेल्मेट मांडीवर घेऊन तो अंगणातल्या खाटेवर बसून राहिला होता. त्याचा जोडीदार निंबा शेजारी दोर उलगडत होता.

झाड म्हणजे प्रज्ञाच्या घरामागची साठ फुटी निलगिरी. वर्षभरात ती घराकडे इतकी कलली होती, की वारा सुटला की प्रज्ञाचे वडील आधार आबा अंथरूण उचलून पुढच्या खोलीत येत. ती तोडायला नगरपालिकेची परवानगी मिळाली होती. मागच्या गल्लीतली वीज चारपर्यंत बंद राहणार होती. प्रज्ञा दोंडाईच्याच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आज रविवार म्हणून घरी होती, आणि तिचं सारखं घड्याळाकडे लक्ष जात होतं.

"मगनभाऊ, थांबलात कशासाठी?"

"अक्का येतेय. नरडाण्याहून निघाली, पण गाडी लेट आहे."

"त्याही झाडावर चढतात?"

"नाही, ती खाली उभी राहते."

प्रज्ञाला हसू आलं. "खाली उभं राहायला निंबाभाऊ आहेत की."

"मी फांद्या ओढतो, ताई," निंबा म्हणाला. "दोर नाही धरत."

मगनने बरगडीवर हात ठेवला. "मागच्या उन्हाळ्यात जळगावला काम होतं. अक्काला ताप होता, म्हणून नाक्यावरून एक गडी घेतला. चांगला दांडगा. वरून फांदी सुटली अन् त्याने दोर गच्च धरला, सोडलाच नाही."

"पण धरायचाच असतो ना?"

"फांदी अधांतरी थडकन थांबली. बठ्ठा, सगळाच्या सगळा झटका झाडाला बसला, अन् झाडाला मी बांधलेला. दोन बरगड्या गेल्या."

प्रज्ञाने यावर थोडा विचार केला. मग ती आत जाऊन चहा ठेवून आली, आणि खुर्ची घेऊन मागच्या दारात बसली. आता तिला ही अक्का बघायचीच होती.

दहाच्या सुमारास भिकुबाई आली. पन्नाशीची, किरकोळ अंगाची, पायात कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मगनची ही थोरली बहीण. आल्या आल्या ती झाडाकडे बघेल असं प्रज्ञाला वाटलं होतं, पण भिकुबाई जमीनच बघत फिरली. वाळत घातलेले कपडे, पाण्याचा ड्रम, आबांची सायकल असं सगळं तिने हलवायला लावलं. निलगिरीपासून दहा-बारा पावलांवर, कुंपणाजवळ एक कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी उभं राहून तिने पायाने खडे, काड्या, नारळाची एक करवंटी बाजूला सारली आणि उलट्या पावलांनी चार वेळा मागे-पुढे चालून पाहिलं.

"हे कशासाठी?" प्रज्ञाने विचारलं.

"नजर वर राहते, ताई. मागे सरकताना पायाखाली काय शे ते दिसत नाही. आधी बघून ठेवलेलं बरं."

मगन चढला. वरच्या दुबेळक्यात त्याने कप्पी बांधली आणि तिच्यातून दोर खाली सोडला. भिकुबाईने तो कडुनिंबाच्या बुंध्याला तीन वेढे देऊन टोक हातात घेतलं. पहिली फांदी कापली गेली. फांदी चांगली दीड क्विंटलची असेल. प्रज्ञा खुर्चीतून उठलीच. पण भिकुबाईने दोर थांबवला नाही. आधी सळसळत जाऊ दिला, मग हळूहळू आवळत आणला. फांदी छपरापासून दोन हात लांबून, जशी काही चालतच, खाली उतरली. निंबाने ती ओढून नेली.

दोर खांबाभोवती गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक लागणारा जोर कितीतरी पटींनी कमी होतो, याचं सूत्र प्रज्ञा एम.एस्सी.ला असताना शिकली होती. परीक्षेत ते बरोबर लिहिलंही होतं. पण दोर कधी सोडायचा आणि कधी आवळायचा, ते त्या सूत्रात कुठेच नव्हतं.

"तुम्हाला कसं कळतं, किती सोडायचा ते?"

"दोर सांगतो," भिकुबाई म्हणाली. तिची नजर वरच होती. "आता बोलू नका, ताई."

पाच फांद्या अशाच उतरल्या. सहावीला मगनने कापायचं मशीन लावलं. ही खोडाला लागूनच होती, मांडीएवढी जाड. भुसा वाऱ्यावर भुरभुरत खाली येत होता. भिकुबाईच्या बाहीवर थोडा पडला. तिने बाहीकडे पाहिलं, चिमटीत घेऊन चोळला, आणि दुसऱ्या क्षणी दोराला दोन जोरदार झटके दिले.

वर मशीन थांबलं. "काय झाये, अक्का?"

"काप थांबाड! खाले ये!"

"अर्धी कापायेल शे!"

"ऱ्हाऊ दे. तू खाले ये!"

मगनने वाद घातला नाही. फांदी दोराने खोडालाच करकचून बांधली आणि तो सावकाश उतरला. भिकुबाईने त्याच्यापुढे तळहात धरला. आधी पडलेला भुसा गुलाबीसर, कोरडा होता. हा तपकिरी, ओलसर, मातीसारखा.

"वाळवी," मगन हळूच म्हणाला. "वर वाऱ्याने सगळा तुझ्याकडे उडत होता. मला काही दिसलाच नाही."

भिकुबाईने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्यामागच्या बोथट बाजूने, खोडावर ठिकठिकाणी ठोकलं. खाली आवाज भरीव आला. मग निंबाला शिडीवर चढवून वर ठोकायला लावलं. पंधरा फुटांच्या वर आवाज बदलला, घागरीवर टिचकी मारावी तसा झाला. अंगणात सगळेच ऐकत होते. आधार आबाही काठी टेकत पुढे आले होते.

"म्हणजे मी रोज हिच्याखाली झोपत होतो?" ते म्हणाले.

फांद्यांचा भार आता या खोडावर टाकून चालणार नव्हतं. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची दुसरी निलगिरी होती, सरळ आणि धडधाकट. भिकुबाई स्वतः जाऊन त्यांना विचारून आली. मगनने त्या झाडावर चढून कप्पी तिथे बांधली, स्वतःचा दोरही तिथेच बांधला, आणि मग लटकत जाऊन आजारी झाडाचे हातभर लांबीचे तुकडे काढू लागला. काम दुपटीने वाढलं. भिकुबाई दुपारी जेवली नाही. प्रज्ञाने दिलेलं पाणी तेवढं तिने डाव्या हाताने घेतलं.

चारला पाच मिनिटं असताना शेवटचा पोकळ तुकडा खाली आला. मगनने त्यात हात घातला तो कोपरापर्यंत गेला. कडेला लाकूड उरलं होतं जेमतेम दोन बोटं.

प्रज्ञाने भिकुबाईला विचारलं, "भुशाकडे बघायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. पहिली दोन वर्षं हा वर गेला की मला भ्यावच वाटायचं. वर बघवायचं नाही. मग खाली जे पडेल तेच बघत बसायचे."

प्रज्ञाने तिचे हात पाहायला मागितले. तळव्यांवर घट्टे होते, पण दोराने कापल्याचा एकही वण नव्हता. भिकुबाईने हात लगेच मागे घेतले आणि निंबाला हाक मारली. त्याने दोर ओल्या मातीत ठेवला होता.