भिंतीपासून किती लांब

"भिंगच हलकं बसवलंय कुणीतरी!" म्हणत म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा स्क्रू काढले. जुने कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक यंत्राला नावं ठेवू लागलं की तो हसून म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आज तोच अंगणाला शिव्या घालत बसला होता.

समोर संग्रहालयातून आलेला लाकडी स्टिरिओस्कोप होता. दोन भिंगं आणि पुढे कार्ड अडकवायची पट्टी. कार्डावर एकाच दृश्याचे दोन फोटो, दुसरा चार बोटं बाजूला सरकून काढलेला. डाव्या डोळ्याने डावा बघायचा, उजव्याने उजवा. डोक्यात दोघांची गाठ पडली की सपाट कागदात खोली उभी राहते.

असं यंत्र दुरुस्त केलं की तपासायला त्याचं कार्ड ठरलेलं. भिंतीपाशी खुर्चीत बसलेली बायको. दोन फोटोंच्या मधे ती करवादली होती, "आटपा हो, मान आखडली माझी!" पण हलली मात्र नाही. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. येईल त्या यंत्रात ती त्याच्यासमोर पुन्हा येऊन बसायची. म्हणून तर तो अजून दुकान उघडत होता.

आज तिसऱ्यांदा स्क्रू आवळूनही ती कागदाला चिकटून बसली होती.

डबा घेऊन आलेल्या लेकीने त्याची कुरकुर ऐकून यंत्र डोळ्यांना लावलं. "काहीतरीच काय, बाबा! झकास दिसतंय की. आई अगदी हात लावावा अशी बसलीय."

त्याने यंत्र तिच्याकडून घेतलं आणि पुन्हा स्क्रू काढले. लेक त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा, डावा डोळा मिटा बघू. किती बोटं?"

"तू आहेस कुठे?"

लेकीने वर धरलेली बोटं खाली घेतली. "ऑपरेशन करून टाकू. हल्ली अर्ध्या तासात होतं."

"ते मोतीबिंदूचं गं. हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर मागेच म्हणाले. थेंब घालत होतो. वाटलं, एवढ्यात काही जात नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय डोळा उगवणार होता?"

त्याने स्क्रू परत बसवले, भिंगं पुसली आणि यंत्र तिच्या हातात दिलं.

"नीट बघ. आई भिंतीपासून किती लांब आहे?"

डोळे पुसून तिने पाहिलं. "वीतभर."

"आणि हात?"

"मांडीवर. पुढे आलेत, आपल्याकडे."

"बरं," तो म्हणाला. "कार्ड आता तुझ्याकडेच राहू दे."